आक्काबरोबर मॉलमध्ये चालताना

बासरला गाडीनं गोदावरी ओलांडली, की परभणीच्या माणसाला आपला मुलूख मागे पडल्यासारखं वाटतं. एरवी मी त्या पुलावर खिडकीशी सरकून बसते. त्या दसऱ्याच्या सुट्टीत मात्र नदी कधी आली नि गेली, कळलंच नाही. माझी थोरली बहीण, आक्का, उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन घरी बसली होती. फोनवर ती "बरं आहे" एवढंच म्हणे आणि फोन दाजींकडे देई.

सिकंदराबाद स्टेशनवर भाची रोहिणी घ्यायला आली होती. तेलंगणाचं नवं राज्य होऊन काही महिनेच झाले होते. सरकारी पाट्यांवरचं 'आंध्र प्रदेश' कुठे रंगानं झाकलेलं, कुठे त्यावर कागद डकवलेला. नव्या गाड्यांच्या नंबरात एपीच्या जागी टीएस आलं होतं. रोहिणीची गाडी जुनीच होती.

"तुलाही नंबर बदलावा लागणार का गं?"

"मालूम नै मावशी. रोज एक नवीन बोलतेत. आपण लाइट घ्यायचं (मनावर घ्यायचं नाही)."

तारनाक्याच्या घरी दाजींनी फाटक उघडलं, "जयभीम" म्हणून माझी पिशवी घेतली. आक्का आतल्या खुर्चीत होती. मला पाहून हसली, पण हसू एकाच बाजूला आलं. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिची सगळी नोकरी झाली. गल्लीत तिला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळ्यांची ती 'सिस्टर'. ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दटावून चालायला लावणारी ही बाई आता उजवा पाय फरफटत खाटेपासून खिडकीपर्यंत जायची. डॉक्टर म्हणाले होते, रोज चाला, जमेल तितकं चाला. ती घराबाहेर पडायला तयार नव्हती.

स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता दाजींनी सांगितलं. "एकदा आली होती फाटकापर्यंत. समोरच्या सुशीलाबाई उभ्या होत्या. त्यांनी हिला बघितलं अन् डोळ्याला पदर लावला. तशी मागं फिरली. तेव्हापासून दारात पण उभी राहत नाही. एकदा रोहिणीनं मॉलला नेलं, तर तिथं चालली. आता हट्ट करून तिथंच जाते."

मला हसावं की काय कळेना. आमच्या शाळेत मुलांना 'आमचा आठवडी बाजार' हा निबंध घालताना मी दरवर्षी मॉलला चार शब्द ऐकवते. तिथे कुणी कुणाला विचारत नाही, असं सांगते. आणि एवढा मोठा मॉल मी आतून कधी पाहिलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं निघालो. मॉल शहराच्या पार पश्चिमेच्या टोकाला. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहत होते, त्यामुळे गाडी मुंगीच्या पावलानं चालली. शेवटी काळ्या दगडांच्या टेकड्या आणि उंच इमारती यांच्या मध्ये तो दिसला. बाहेरून अगदी कुरूप. खिडकी नसलेलं एखादं गोदाम असावं तसा.

दारातच घोटाळा झाला. तपासणीसाठी आक्काची काठी यंत्रात घालावी लागली आणि ती आधाराविना डुलायला लागली. मी पुढे होईपर्यंत पहाऱ्यावरच्या बाईनं तिला कमरेत धरलं होतं.

"मेल्लगा अम्मा, मेल्लगा (हळूहळू). मैं पकडी ना."

काठी हातात येईपर्यंत तिनं आक्काला सोडलं नाही. मागे रांग थांबली होती, पण कुणी कुरकुरलं नाही.

आत शिरल्यावर पहिल्यांदा गारवा लागला आणि मग उंची. मजल्यांवर मजले, मध्ये मोकळी जागा, वर काचेचं छत. तळाशी कागदी फुलांची माणसापेक्षा उंच बतुकम्मा (फुलांची उतरंड, तेलंगणातला बायकांचा सण) मांडलेली, तिच्याभोवती पोरी फोटो काढत होत्या. दुकानांचं खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी मी किमतीची चिठ्ठी वाचून कपडा परत ठेवला. बसायला बाकडी मोजकीच. टेकायचं तर काहीतरी विकत घ्या, असा एकूण बेत. फुकट पिण्याच्या पाण्याचा नळ शोधताना माझी दमछाक झाली. कुठे घड्याळ नाही, त्यामुळे किती वाजले तेही कळत नाही. पण फरशी सपाट, कुठे उंबरठा नाही, खड्डा नाही. कठड्याला हाताच्या उंचीची दांडी. अपंगांसाठी वेगळं स्वच्छतागृह, त्यातही धरायला दांड्या. ते पाहून आक्का म्हणाली, "आमच्या... दवाखान्यात... नव्हतं असं." जीभ जड झाल्यामुळे ती एकेक शब्द ठेवून बोलायची.

आणि ती चालली. डाव्या हातानं दांडी धरून, दुकानांच्या काचांसमोरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं. मी मुलांना जे दोष म्हणून सांगत आले, तेच माझ्या बहिणीला हवं होतं.

वरच्या मजल्यावर खाण्याच्या जागी आम्ही इडली घेऊन बसलो. रोहिणी चटणी आणायला गेली आणि तेवढ्यात दाजी पुटपुटले, "सुशीलाबाई."

त्याच होत्या. पलीकडच्या टेबलाशी एकट्या, पुढ्यात गार झालेली कॉफी. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि उठून आल्या. आक्कानं उजवा हात पदराखाली ओढून घेतला.

"सिस्टर, तुम इधर?" एवढं म्हणेपर्यंत त्यांचे डोळे भरले.

आता आक्का उठणार, असं मला वाटलं. घरी चला म्हणणार. पण तिनं डाव्या हातानं शेजारची खुर्ची ओढली. मग म्हणाली, "क्या हुआ? ऑर्डर... आया क्या?"

सुशीलाबाई राज्य सरकारच्या कचेरीत होत्या, माहेर किनाऱ्याकडचं, राजमहेंद्रीचं. कर्मचाऱ्यांची दोन राज्यांत वाटणी चालली होती, कुणी कुठे जायचं त्याच्या ऑर्डरी निघत होत्या. त्या खुर्चीवर बसल्या आणि बोलतच सुटल्या. अजून काही कळलं नाही. तिकडे गेले तर मुलीची शाळा इथे, नवऱ्याची नोकरी इथे. इथे राहिले तर आई तिकडे एकटी. घरात सगळ्यांसमोर रडता येत नाही, म्हणून मुलीला क्लासला सोडून इथे येऊन बसते.

आक्कानं पदराखालचा हात काढला, दुसऱ्या हातानं उचलून त्यांच्या हातावर ठेवला. दवाखान्यात ती पेशंटशी बोलत असेल त्या आवाजात म्हणाली, "बैठके... क्या होता? चलो."

आणि दोघी चालायला लागल्या. मी आणि दाजी मागून, चटणी घेऊन परतलेली रोहिणीही. सुशीलाबाई बोलत होत्या, आक्का मान हलवत होती. वळणावर दांडी संपली, तरी आक्का थांबली नाही. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी गप्प राहण्याची खूण केली.

परतताना गाडीत आक्कानं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "ती रडते. कशालाही... रडते. मला वाटलं... मला बघून..." वाक्य तिनं पुरं केलं नाही, हसायला लागली. रोहिणीनं आरशातून पाहिलं आणि तीही हसली.

दुसऱ्या संध्याकाळी फाटकाबाहेरून हाक आली, "सिस्टर, चलते?" आक्कानं आधी साडी बदलायची म्हणून वेळ काढला, मग चपलेचा पट्टा सैल आहे म्हणाली. शेवटी बाहेर पडली. गल्ली उखणलेली, जागोजागी खडी. त्या दिवशी जेमतेम शेजारचं घर झालं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत. वाटेत लोकांनी थांबवलं, विचारलं, हळहळलेही. आक्का प्रत्येकाला उत्तर देत होती, त्यामुळे चालण्यापेक्षा उभं राहणंच जास्त झालं.

सुट्टी संपली. आता शाळेत सगळ्या शिक्षिका विचारतील, एवढा मोठा मॉल कसा होता? मी सांगणार आहे, महाग आहे, बाहेरून कुरूप आहे, पाण्याला महाग आहे. पण पडलेल्या माणसाला ओळखीच्या लोकांच्या नजरेआड पुन्हा उभं राहायला एखादी जागा लागते, आणि माझ्या बहिणीला ती तिथे मिळाली. पुढचं गल्लीनं केलं. सुशीलाबाईंची ऑर्डर मी निघेपर्यंत आली नव्हती.

निघाले तेव्हा दाजी ऑटोपर्यंत आले. आक्का फाटकाशी सुशीलाबाईंबरोबर उभी होती. ऑटो कोपऱ्यावर वळताना मी हात हलवायला म्हणून बाहेर डोकावले. फाटकाशी कुणीच नव्हतं. दोघी पाठमोऱ्या, भाजीच्या गाड्याकडे निघाल्या होत्या.