जरा उचलून

कुठलीही वस्तू मोडली आहे, हे आमच्या मामंजींनी आयुष्यात कधी कबूल केलं नाही. खुर्चीचा पाय हातात आला तरी ते म्हणायचे, "मोडलीय कुठं? निसटलीय." कपाटाचं दार बिजागरीसकट खाली आलं, तर ते 'जरा बसलंय' असायचं. एकदा पंखा फिरता फिरता पातं उडून माठावर आदळलं, माठ फुटला, घरभर पाणी झालं. मामंजी पातं उलटसुलट करून बघत शांतपणे म्हणाले, "पंख्याला काय न्हाई झालेलं." माठाबद्दल ते बोलले नाहीत, कारण माठ दुरुस्त होत नाही, आणि जे दुरुस्त होत नाही त्यात त्यांना रस नव्हता.

मामंजी म्हणजे माझे सासरे. चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी पिंपरीत आले, एका कंपनीत मेंटेनन्सला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. काळेवाडीतली आमची गल्ली त्यांना 'फिटर' म्हणायची. गुरुवारी कंपनीला सुट्टी. गल्लीतले बाकीचे लोक गुरुवारी झोपा काढायचे, नातेवाइकांकडे जायचे. मामंजी घर उघडून बसायचे. म्हणजे खरोखरच उघडून. कपाटाचे स्क्रू एका ताटलीत, मिक्सरचं पोट दुसऱ्या ताटलीत, आणि सासूबाई स्वयंपाकघरात ताटल्या शोधताहेत. ते रिटायर झाले आणि आमच्याकडे रोजच गुरुवार सुरू झाला.

त्यांनी हात लावलेली वस्तू चालायची, हे मान्य करायलाच हवं. पण ती पहिल्यासारखी चालायची नाही. तिला एक खोड लागायची, आणि ती खोड सांभाळायचा मंत्र मामंजी आम्हाला द्यायचे. "जरा उचलून." कपाट जरा उचलून ओढायचं. टेबलाचा खण जरा उचलून लोटायचा. फ्रिजचं दार जरा उचलून लावायचं, आणि खालून गुडघा द्यायचा. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी चहाच्या साखरेसाठी फडताळाचं दार ओढत बसले होते. सासूबाई मागून आल्या, माझ्या हातावर हात ठेवून त्यांनी ते दार अलगद वर घेतलं आणि उघडलं. "ह्या घरात नांदायचं म्हंजी आधी उचलाया शिकायचं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, गंमत करताहेत.

पाहुण्यांची तर फजितीच. माझी धाकटी बहीण राहायला आली आणि कपाटाची मूठच तिच्या हातात आली. बिचारी रडकुंडीला आली. मामंजी मात्र खूश. इतके खूश की चहा अर्धा टाकून उठून आले. "ताई, जोर न्हाई लावायचा. जरा उचलून. हां, असं. बघा!" ते 'बघा' म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते नातीच्या बारशालाही मी पाहिलं नाही. पुढे पुढे माझी खात्रीच पटली, की त्यांना दुरुस्तीपेक्षाही ही खोड जास्त आवडायची. दुरुस्त झालेली वस्तू कोणीही उघडतं. खोड लागलेल्या वस्तूला फिटर लागतो.

माझ्या या म्हणण्याला पुरावा आहे. माझ्या आईचं शिलाई मशीन माहेरी गंजून पडलं होतं. मामंजींनी ते आपणहून टेम्पोत घालून आणलं. कितीतरी दिवस ते ओसरीवर त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते. रॉकेलमध्ये भाग भिजवले, फडक्यानं पुसले, तेल दिलं, पट्टा नवा आणला. नवा! या घरात नवा भाग आला म्हणून सासूबाईंनी देवाला साखर ठेवली. आई आली, तिनं पायाने पायडल दाबलं आणि मशीन असं सुरेख पळालं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजी बाजूला उभे राहून चष्मा पुसत होते. त्या दिवशी मला या माणसाचा फार लोभ वाटला. ते मशीन आजही चालतं, आणि त्याला कुठंही उचलावं लागत नाही. म्हणजे मनात आणलं तर मामंजींना सरळ काम येत होतं. ही गोष्ट मी नंतर विसरू शकले नाही.

कारण बाथरूमचं दार त्यांनी सरळ केलं नाही.

सासूबाईंनी जन्मात नवं असं काही मागितलं नाही, तेवढं एक दार मागितलं. प्लायचं दार, पाण्यानं फुगलेलं. खालची बाजू कुजली तेव्हा मामंजींनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकला होता. वरची बिजागरी ढिली, त्यामुळे दार खाली फरशीवर बसायचं. ते आत उघडायचं. बाहेरून आत जाताना मूठ धरून जरा उचलायचं आणि मग लोटायचं. न उचलता ढकललं, की पत्रा फरशीत रुतून ते जास्तच घट्ट बसायचं. सासूबाई आतून कडी लावत नसत. अडकलेलं दार हीच कडी. त्यांची मनगटं दुखायला लागली तेव्हापासून त्या म्हणत होत्या, "माझ्यानं उचलवत न्हाई ओ आता." मामंजी म्हणायचे, "तुला सवय हाय की."

पैशाचा प्रश्न नव्हता. नवऱ्यानं प्लास्टिकच्या दाराचं माप घ्यायला माणूस बोलावला. मामंजींनी त्याला चहा पाजला, बिस्किट दिलं आणि परत लावून दिलं. "घरात फिटर असताना दार बाहेरनं यायचं व्हय?" झालं. त्या वाक्यापुढे आमच्या घरात कोणाचं काही चालत नसे. सासूबाई फक्त म्हणाल्या, "फिटर दाराला हाय. मला कोण हाय?" आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या.

मग एका सकाळी त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. "आज दाराचं काय केलं न्हाई तर उद्यापास्नं मी राजूच्या घरी जाईन आंघोळीला." राजूभाऊ म्हणजे आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, बीडकडचे, टेम्पो चालवतात. फिटरची बायको शेजाऱ्याच्या बाथरूममध्ये जाणार, हे मामंजींना झोंबलं. ते तडक उठले आणि कुदळवाडीच्या भंगारात गेले. नवं दार आणायला नाही. जुन्या मापाची पितळी बिजागरी हुडकायला. मी चाकणला माझ्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला होते, नवराही कामावर. घरात सासूबाई एकट्या. त्या आंघोळीला गेल्या आणि आत पाय घसरून पडल्या.

पडल्याचा आवाज राजूभाऊंच्या बायकोने ऐकला. राजूभाऊ धावत आले, गल्लीतली आणखी दोघं-तिघं आली. सगळे दणकट गडी. त्यांनी दार ढकललं. खांदे लावले. जितकं ढकलावं तितकं ते रुतत गेलं. शेवटी कोणीतरी टिकाव आणला, दार फोडलं, तेव्हा सासूबाई शुद्धीवर नव्हत्या. डोक्याला मार होता. त्या पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत. "जरा लवकर आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर असं बहुतेक सगळ्यांनाच म्हणत असावेत. मामंजी ते ऐकत भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या शर्टाचा खिसा बिजागरीच्या वजनानं खाली लोंबत होता.

लोक भेटायला येत होते त्या दिवसांतली गोष्ट. राजूभाऊ बसले होते, बोलता बोलता त्यांना भरून आलं. "आज्जी लई हिमतीच्या, दादा. आतून सारख्या म्हणायच्या, उचला, उचला. मी म्हणलं, उचलतो आज्जी, आत तर येऊ द्या. तरी आपलं तेच. उचला, आधी उचला. आवाज बसला तरी तेच म्हणत व्हत्या. माणसाला उठायची केवढी आस असती बघा." बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

त्या खोलीत तिघांनाच कळलं. नवऱ्याची मान खाली गेली. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी तसाच धरून उभी राहिले. सासूबाई स्वतःला उचला म्हणत नव्हत्या. त्या दार उघडायची रीत सांगत होत्या. या घरात नांदायला आल्यापासून शिकलेली रीत, फरशीवर पडल्या पडल्या त्या परक्या माणसांना शिकवत होत्या, आणि ती माणसं त्यांना धीर देत होती. मी मामंजींकडे पाहिलं. ते राजूभाऊंकडे बघत होते. मग म्हणाले, "लय केलंस बाबा तू."

पुढे घरात नवं दार आलं. माप घ्यायला आलेला तोच माणूस आला, त्याच्याच हातानं बसवलं. मामंजी तेवढा वेळ ओट्यावर जाऊन बसले. नवं दार बोटानं लोटलं तरी उघडतं. पण मामंजींचा हात आधी मूठ वरच उचलायचा. हलकं दार चौकटीत खडखडायचं, आणि ते हात तसाच धरून क्षणभर थांबायचे. रोज. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मला वाटायचं, ऐका. ऐका अजून. त्यांना चहा वेळेवर दिला, औषधं दिली, पाय चेपून दिले, पण हा राग काही मी सोडला नाही. तो अजून आहे. 'जरा उचलून' हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा आले नाहीत. पत्र्याची हत्यारपेटी त्यांनी माळ्यावर टाकली. खुर्चीचा पाय ढिला झाला तर म्हणायचे, "मोडली. द्या भंगारात."

एकदाच आम्ही त्याबद्दल बोललो. घरात दोघंच होतो. मी मेथी निवडत होते. ते अचानक म्हणाले, "राजूला कुणी सांगितलं का गं?"

"काय, मामंजी?"

"तुला ठावं हाय काय ते."

"नाही. कोणी नाही सांगितलं."

"सांगू नका. कवाच सांगू नका. लय हळवं प्वार हाय ते, येडं व्हईल." मग थोड्या वेळानं म्हणाले, "माझं काय, मी फिटर हाय." ती जुडी निवडताना मला दिसेनासं झालं, एवढं आठवतं.

गेल्या हिवाळ्यात मामंजी गेले. झोपेतच गेले, कोणाला काही करावं लागलं नाही. सकाळी गल्ली जमली. सगळी तयारी राजूभाऊंनी केली, कुणाला हात लावू दिला नाही. तिरडीच्या पुढच्या बाजूला उजवीकडे ते, डावीकडे माझा नवरा. बाहेरच्या दाराचा उंबरा आमच्याकडे उंच आहे. तिथं आल्यावर राजूभाऊ मागच्यांना ओरडून म्हणाले, "सावकाश रे. जोर नका लावू. जरा उचलून."

नवऱ्याचे पाय जागच्या जागी थांबले. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राजूभाऊंना वाटलं, पोराला बाप सोडवत नाही. ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "उचल की दादा. उचल."

त्यानं उचललं. मामंजी चौकटीला कुठंही न लागता बाहेर गेले.