आईची साखर

नागपुरात माणसाला ओळखायच्या तीनच रीती होत्या: आडनाव, गाव, आणि 'कोणाचे तुम्ही?' असं विचारत खणून काढलेली नातीगोती. धंतोलीतल्या आमच्या लॅबवाल्या काकांना यांतली एकही रीत येत नव्हती. ते माणसाला ओळखत ते त्याच्या रक्तातल्या साखरेच्या आकड्यावरून, आणि असा एकदा ओळखलेला माणूस ते जन्मात विसरत नसत. बर्डीच्या भर बाजारात भाजीच्या ढिगाआडून त्यांची हाक यायची, "ओ एकशे अठ्ठ्याऐंशी! मेथी घे वं, बटाटे काहून घेऊन राहिली?" ती एकशे अठ्ठ्याऐंशी म्हणजे मी. भाजीवाली दचकायची, कारण तिला वाटायचं हा भाव सांगतोय. काकांचं खरं नाव मला ठाऊक नव्हतं, माझं त्यांना आठवत नव्हतं, आणि इतक्या वर्षांच्या ओळखीत आम्हा दोघांचंही त्यावाचून काही अडलं नाही.

आमची गाठ पडली ती सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. प्रताप नगरात आम्ही नुकतंच बिऱ्हाड केलं होतं, चहूबाजूंनी मोकळे प्लॉट आणि मधे आमच्या दोन खोल्या. त्याच्या दोन वर्षं आधी माझं पहिलं बाळ जन्मतःच गेलं होतं. साडेनऊ पौंडांचं, चांगलं गुटगुटीत. बघणारी प्रत्येक बाई म्हणाली, किती भरलेलं बाळ. आणि ते रडलंच नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला सहावा महिना लागला तेव्हा धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी ती सगळी हकीकत दोनदा ऐकून घेतली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "काही बायकांची साखर फक्त गरोदरपणात वाढते. बाळ पोटात भलतंच मोठं होतं. आपण तपासून घेऊ." त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी हातात घेऊन मी समोरच्या बोळातल्या लॅबचा जिना चढले.

वर काका बसलेले. उंच, हडकुळे, ॲप्रनला निळे डाग, आणि चेहरा असा गंभीर की जगातल्या सगळ्या बाटल्यांची बुचं आपल्यालाच बसवायची आहेत. तपासणी म्हणजे उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग ग्लासभर ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि पुढे तीन तास दर तासाला पुन्हा हात पुढे करायचा. ते पाणी इतकं गोड की पहिल्या दिवशी मी ते प्यायले आणि अर्ध्या तासात काकांच्या चपलांवर ओकले. मी रडकुंडीला आले. काकांनी शांतपणे चपला नळाखाली धरल्या आणि म्हणाले, "चपलेची साखर वाढली. तुझी उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्लासात लिंबू पिळलं आणि मला ओकारीची आठवण होऊ नये म्हणून तीन तास आपली सायकल चोरीला गेल्याची हकीकत सांगितली. शेवटी मी विचारलं, मग सापडली का सायकल? म्हणाले, "पंधरा मिनिटांतच सापडली, पण तुले तीन तास बसवायचं होतं नं." दोन तासांचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी आला आणि माझं बारसं झालं.

मग दर पंधरा दिवसांनी वारी सुरू झाली. जेवणानंतर दोन तासांचं रक्त हवं असायचं, आणि काकांचा माझ्या घड्याळावर विश्वास नव्हता. त्यामुळे डबा घेऊन यायचा आणि त्यांच्या समोरच्या बाकावर बसून जेवायचं. पहिला घास तोंडात गेला की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पाटीवर वेळ लिहीत. तत्पूर्वी डबा उघडून तपासला जाई. "भाकर ठीक. भाजी ठीक. हा कोपऱ्यातला भात कोणाचा?" नवऱ्यानं प्रेमानं घातलेला तो चमचाभर भात काका एका कागदावर काढून खिडकीतल्या चिमण्यांना देत. लघवीची तपासणी तर ते एखाद्या पूजेसारखी करीत. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात आठ थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर. साखर नसली तर निळं ते निळंच राहायचं; असली तर हिरवं, पिवळं आणि फार असली तर विटेसारखं लाल. निळं राहिलं की त्यांना स्वतःलाच बाळ झाल्यासारखा आनंद व्हायचा. एकदा मी निकालासाठी थांबले नव्हते, तर या गृहस्थांनी सरळ एक्स्चेंजला फोन लावला आणि जिनं उचलला तिला ओरडून सांगितलं, "तिथल्या सातव्या महिन्यावालीले सांगा, निळीच आहे म्हणा!" तिनं बिचारीनं तो निरोप जसाच्या तसा सगळ्या बोर्डांवरून पुढे सरकवला. संध्याकाळपर्यंत बारा जणी मला विचारून गेल्या की निळी कोण.

माझ्या सासूबाई नरखेडकडच्या. घरची मोसंबीची बाग. नातवंडासाठी त्या एसटीनं टोपली घेऊन आल्या आणि रोज सकाळी पितळी पेलाभर रस माझ्यापुढे धरू लागल्या. 'नको' म्हणायची माझी छाती नव्हती. काकांच्या नळीनं मात्र दोनच दिवसांत चुगली केली. त्याच संध्याकाळी सायकल आमच्या दारात. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"माय, मोसंबीचं झाड तुमच्या पोरीवानी आहे नं?" काकांनी सुरुवात केली.

"हो नं बापा. लहानाचं मोठं केलं."

"त्याले पाणी जास्त झालं तर काय होते?"

"मुळं सडते. डिंक्या रोग लागते."

"मंग ही पण तसंच झाड समजा. रस म्हंजे हिच्यासाठी जास्तीचं पाणी. फोडी द्या, दोन. पेला नाही."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. त्या दिवसापासून त्या फोडी मोजून देऊ लागल्या, आणि मी तिसरी मागितली तर म्हणायच्या, "लॅबवाला काय म्हणन?"

मुलगी झाली. सात पौंडांची, सावळी, आणि पहिल्या क्षणापासून अख्खं इस्पितळ डोक्यावर घेणारी. तो आवाज ऐकून मी किती रडले ते मी कुणाला सांगितलेलं नाही. भेटायला माणसांची रीघ लागली. नाक कोणावर गेलं, कपाळ कोणाचं, यावर दोन्ही घरांत भांडणं झाली. काकाही आले. दारातच उभे राहिले, पाळण्याकडे एक नजर टाकली, आणि खाटेवर मी आहे की नाही हे पाहून नर्सला विचारलं, "आईची साखर कोणी पाह्यली?" कुणीच पाहिली नव्हती. "आता नाही तर सव्वा महिन्यानं पाहाच," ते मला म्हणाले. "पोटातलं बाळ गेलं बाहेर, साखर गेली का नाही हे तिले कोण विचारन? येजो वं पोरी." मी मान डोलावली आणि विसरून गेले. विसरणार नाही तर काय? मूल जिवंत होतं. माझ्या लेखी गोष्ट संपली होती.

सव्वा महिन्यानं मी सासरच्या गावी बाळंतपणाचा सुखसोहळा भोगत होते. शनिवारच्या दुपारी एसटीतून काका उतरले. हातात लाकडी पेटी. गावात ते नाव कुणाचं विचारणार? ते विचारत होते, "ते साडेनऊ पौंडांचं गेलं, मंग सात पौंडांची पोरगी झाली, ते घर कोणतं?" आणि गंमत म्हणजे गावानं त्यांना बिनचूक आणून सोडलं. सासूबाईंनी पाणी दिलं आणि थोड्या नाराजीनं म्हणाल्या, "आता कायची साखर भाऊ? लेकरू तर झालं."

"लेकरू झालं वं माय," काका घाम पुसत म्हणाले, "पण आई अजून आहे नं."

नवऱ्यानं मुलीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. सव्वा महिन्यात त्या घरात माझ्याविषयी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. कुणी माझ्यावर अन्याय करत होतं असं नाही. डिंकाचे लाडू होते, शेक होता, मालिश होती, पण ते सगळं दुधासाठी, म्हणजे तिच्यासाठी. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, कारण डोळे भरले होते आणि ते काकांनी पाहिले असते तर त्यांनी ते पाणीही नळीत धरलं असतं.

लाडू खाऊन बसलेल्या बाईची तपासणी होणार कशी? काका मुक्कामाला राहिले. सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं, ग्लुकोज पाजलं, दोन तास मला विहिरीवरच्या पंपाविषयी प्रश्न विचारत बसले, पुन्हा रक्त घेतलं आणि बाटल्या पेटीत घालून एसटी गाठली. चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं: 'साखर गेली. पण तिला घर माहीत झालं आहे. दरवर्षी तपासावी.' मी दरवर्षी मुलीच्या वाढदिवसानंतर जाऊ लागले. एका वर्षी टाळलं, तर पुन्हा कार्ड: 'आपण आला नाहीत. वाट पाहून राहिलो आहे.' नवरा म्हणाला, इतक्या ओढीनं तर मीही तुला कधी लिहिलं नाही.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की तुम्ही हे का करता. मला वाटलं होतं, त्यांच्या घरात कुणीतरी गेलं असणार, काहीतरी दुखरं असणार. ते बुचं पुसत म्हणाले, "बाया इथं येते नऊ महिने, बाकावर बसते, डबे खाते. मंग एकदम येतच नाही. कोणी सांगत नाही, पुढं काय झालं त्याइचं." एवढंच. पण त्या बाकाकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती मला आत्ता कळते.

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी काकांनी आकडा ओरडून सांगितला नाही. मला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, बिनसाखरेचा चहा केला आणि बराच वेळ कागद उलटा धरून बसले. "आली वं परत," ते शेवटी म्हणाले. "आता राहायलेच आली. पण सुरुवात आहे. लवकर सापडली, सांभाळता येते. डोळे, मूत्रपिंड, सगळं शाबूत राहीन."

मी तिशीतली बाई. मी जे बोलले ते मला आजही लख्ख ऐकू येतं. मी म्हणाले, "तुम्ही शोधतच बसलात म्हणून सापडली. दुसऱ्या कुणी शोधली का? पिच्छा पुरवून तुम्हीच आणलीत ती!" चहा तसाच टाकून मी जिना उतरले. मागून हाक आली नाही.

औषधं डॉक्टरीणबाईंनी सुरू केली, पथ्य मी पाळलं. चारेक महिने गेले आणि डॉक्टरीणबाई माझ्या डोळ्यांत उजेड टाकून म्हणाल्या, "छान. वेळेवर कळलं म्हणून. एरवी माझ्याकडे बायका येतात त्या पायाची जखम घेऊन." त्या दुपारी मी धावत जिना चढले. स्टुलावर एक नीटनेटका तरुण बसला होता. त्यानं माझं पूर्ण नाव विचारलं, अचूक लिहिलं, दोन तासांनी यायला सांगितलं. काका महिन्यापूर्वी निवृत्त होऊन मुलाकडे गोंदियाला गेले होते. दोन तास मी त्या बाकावर बसले. कुणी डबा उघडला नाही, सायकल चोरीला गेली नाही. बंद पाकिटातून निकाल मिळाला आणि मी घरी आले.

लॅबमधून त्यांच्या मुलाचा पत्ता घेऊन मी पत्र लिहिलं, मग ते टाकायच्या आधीच स्वतः जायचं ठरवून पॅसेंजर गाडीनं गोंदियाला गेले. काका मुलाच्या क्वार्टरच्या अंगणात खुर्चीवर होते. ॲप्रनशिवाय ते फार लहान दिसत होते. मी पाया पडले आणि झाल्या गोष्टीची माफी मागायला लागले, तर म्हणाले, "तू रागावली होती? मले वाटलं, तुले तो चहा आवडला नाही." मग आकडा विचारला, मी सांगितला, आणि त्यांचा चेहरा फुलला. सूनबाईंनी पोहे केले. माझ्या ताटातल्या पोह्यांत बटाटे किती आहेत हे त्यांनी वाकून पाहिलंच.

संध्याकाळी ते हट्टानं स्टेशनवर सोडायला आले. खिडकीशी उभे राहून, पाय रोज बघत जा, अनवाणी फिरू नको, पोरीलेही मोठी झाल्यावर सांग, असं सगळं सांगून झालं. गाडीला सिग्नल मिळाला तेव्हा माझ्या एकाएकी लक्षात आलं, की या माणसानं मला सहा-सात वर्षांत शंभर प्रश्न विचारले आणि मी त्यांना एकदाही साधं विचारलं नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही कसे आहात?"

ते गोंधळले. नळी दिव्यावर धरल्यावर रंग ठरायला जितका वेळ लागायचा तितका वेळ त्यांनी घेतला. मग म्हणाले, "मले इथं करमत नाही वं पोरी."

गाडी हलली. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "मी येत जाईन काका. दर वर्षी येईन." त्यांनी मान डोलावली, इस्पितळात मी डोलावली होती तशीच, समजूत घातल्यासारखी.

पुढच्या वर्षी मुलीला गोवर आला. त्याच्या पुढच्या वर्षी रजा मंजूर होऊन, बॅग भरून झाली होती, आणि सूनबाईंचं कार्ड आलं. सकाळी अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले, त्रास झाला नाही, असं त्यात होतं. मी बॅग उघडून एक एक कपडा कपाटात परत ठेवला. नंतर नवऱ्यानं विचारलं, "काकांचं नाव काय गं होतं?" कार्डावर होतं ते. मी पहिल्यांदाच वाचलं, त्याला वाचून दाखवलं, आणि इतकं चांगलं नाव आपण एकदाही हाक मारून वापरलं नाही, म्हणून किती तरी वेळ रडत बसले.