थांबवून ठेवलेला एकतीस मार्च

चुडाव्याचा गुरुपाद हालगे १९७९ साली परभणीच्या बियाणे तपासणी केंद्रात कारकून म्हणून लागला, तेव्हा त्याला टायपिंग उत्तम येत होतं आणि भांडण अजिबात येत नव्हतं. पुढच्या पंधरा वर्षांत यात फारसा बदल झाला नाही. सकाळच्या पॅसेंजरनं परभणी गाठायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. कपाळावरचं भस्म दुपारपर्यंत घामानं उतरलेलं असायचं. गाडी उशिरा आली तर फलाटावर बसून वाचायचं, वेळेवर आली तर दचकायचं. घरी बायको, भागम्मा, म्हणायची, "तुमच्या तोंडात जीभ हाय का न्हाई, येकदा दावा तरी." त्यावर तो नुसता हसायचा. साहेबासमोरही तो असाच हसायचा आणि साहेब लोकांना असं हसणारा माणूस फार आवडतो.

केंद्राचं काम साधं होतं. दुकानदार, शेतकरी बियाण्याचे नमुने पिशवीतून आणून देत. ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये शंभर-शंभर दाणे मांडायचे, पाणी शिंपडायचं आणि किती उगवले ते मोजायचं. ज्वारीची पहिली मोजणी चौथ्या दिवशी, शेवटची दहाव्या दिवशी. मोजायला सरजाबाई होती, रोजंदारीवर. परभणीबाहेरच्या वस्तीतून ती पायी येई. नामांतराच्या बंदात एसट्या जागच्या जागी उभ्या राहिल्या की निम्मं ऑफिस घरी बसे, पण सरजाबाई ट्रेजवळ हजर असे. अक्षरओळख तिला बेताची, म्हणून ती कागदावर रेघा ओढायची, चार उभ्या आणि एक आडवी. संध्याकाळी ती रेघा वाचून सांगायची आणि गुरुपाद आकडे कंप्युटरमध्ये भरायचा.

हा कंप्युटर आला १९८८ मध्ये, हैदराबादच्या एका लहानशा कंपनीकडून. तो शिकायला सहा महिने हैदराबादेत राहावं लागणार होतं. बाकीच्यांनी आजारपणं काढली, गुरुपाद हसला, म्हणून त्याला पाठवलं. तिथं तो चांगलाच रमला. कुणाशी न बोलता दिवसभर काम करता येतं, असं हे पहिलंच काम त्याला भेटलं होतं. त्याचे सहा महिने संपता संपता कंपनी बुडाली. तिथल्या एका प्रोग्रामरनं जाता जाता त्या कंप्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळा कोड फ्लॉपीवर घालून आणि अडीचशे पानं छापून त्याच्या हवाली केला. म्हणाला, "अब तुम जानो और ये जाने." ते बाड घेऊन गुरुपाद काचीगुड्याच्या स्टेशनवरून परत आला.

आता एकतीस मार्चचं सांगितलं पाहिजे, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. सरकारी, निमसरकारी ऑफिसांत एकतीस मार्च हा एक दिवस नसतो. कामं पुरी होईपर्यंत तो चालतो. नमुने आलेत मार्चअखेर, उद्दिष्ट आहे मार्चअखेरचं, तेव्हा मोजणी एप्रिलात झाली तरी कागदावर तारीख एकतीस मार्चच. हाताच्या कारभारात हे खपून जात होतं. कंप्युटर आल्यावर अडचण झाली, कारण तो अहवालावर तारीख स्वतः छापायचा. त्यावर केंद्राचे प्रमुख भगवानराव साहेबांनी सोपा उपाय काढला.

"रोज सकाळी मशीन चालू करताना ते तारीख विचारतं ना?"

"विचारतं साहेब."

"मग सांगायची एकतीस मार्च. काम संपेस्तोवर. त्याला काय कळतंय?"

गुरुपाद हसला. १९८९ च्या एप्रिलात रोज सकाळी दहाला त्यानं त्या यंत्राला एकतीस मार्च सांगितला. सरजाबाई तेवढी ट्रेवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "ज्वारीला मार्च-बिर्च काय कळतंय? तिला धा दिस लागतेत म्हंजे लागतेतच."

यंत्राला मात्र कळत होतं, आणि ते भलतंच. त्यात दोन डिस्क होत्या. रोज संध्याकाळी सिस्टिम दोन्हींवरच्या फायली ताडून बघायची, जिच्यावर नंतरची वेळ असेल ती ताजी धरायची आणि दुसरीवर उतरवायची. काल पाचला केलेली फाइल आणि आज तीनला केलेली फाइल, दोन्हींवर तारीख एकतीस मार्च. म्हणजे यंत्राच्या लेखी कालची ताजी, आजची शिळी. रोज संध्याकाळी ते इमानानं आजचं काम पुसून कालचं मांडत होतं. सहाव्या दिवशी गुरुपादच्या लक्षात आलं, तोवर चाळीस नमुन्यांचे आकडे गेले होते. तो घाबराघुबरा होऊन सरजाबाईकडं गेला. तिनं रेघांचे सगळे कागद एका पत्र्याच्या डब्यात घालून ठेवले होते. पुन्हा सगळे वाचून दाखवले. एका शब्दानं टोचलं नाही. साहेबांना यातलं काही कळलं नाही आणि गुरुपादची नोकरी शाबूत राहिली.

त्यानंतर तो त्या अडीचशे पानांच्या मागं लागला. चार महिने गाडीत, फलाटावर, घरी कंदिलापाशी तो पानं उलटत राहिला. भागम्मानं सासूला सांगितलं की ह्यांनी पोथी लावली. सगळ्या कोडात, बहुतेक डिस्कवर साठवण्याचं काम बघणाऱ्या भागात, तेवीस ठिकाणी एकाच जुन्या फंक्शनला हाक मारलेली होती. ते फंक्शन भिंतीवरच्या घड्याळात डोकावल्यासारखं नुसतं 'आता किती वाजले' ते सांगायचं. घड्याळात जे कुणी लावून ठेवलं असेल, ते. गुरुपादनं त्याच्या जागी स्वतःचं एक नवं लिहिलं. हे घड्याळाकडं बघतच नव्हतं. यंत्र आजवर कितव्यांदा सुरू झालं आणि एकूण किती मिनिटं चाललं, एवढंच मोजायचं, डिस्कवर लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी तिथून पुढं मोजायचं. ही मोजणी कुणी मागं नेऊ शकत नव्हतं, कारण ती कुणाला तारीख विचारतच नव्हती.

रविवारी रविवारी येऊन त्यानं एकेक जागा बदलली. दोनदा यंत्र आडवं झालं, दोनदा उठवलं. एकवीस जागा बदलल्या. उरलेल्या दोन त्यानं मुद्दाम तशाच ठेवल्या. एक पडद्यावर तारीख दाखवायची, दुसरी अहवालावर छापायची. साहेबांना एकतीस मार्च हवा होता, तो त्यांना मिळत राहिला. आत खरं आणि बाहेर सोयीचं, अशी ती व्यवस्था होती आणि गुरुपादला ती फार पसंत पडली. त्याचा स्वतःचा संसारही असाच चालला होता. पुढच्या दोन वर्षांत एकही फाइल गेली नाही.

१९९२ साली सरजाबाईला आठ वर्षं झाली. जूनमध्ये रोजंदारीवरच्या लोकांना कायम करण्याची यादी निघणार होती आणि तिचं नाव तीत होतं. ती तसं कुणाला सांगत नव्हती, पण त्या दिवसांत ती ट्रे जरा जास्तच पुसायची. त्या वर्षी एकतीस मार्चलाच ज्वारीचे दोनशे बारा नमुने येऊन पडले. त्याच दिवशी मांडले. पहिली मोजणी आली चार एप्रिलला, म्हणजे पाडव्याला. सुट्टी असूनही गुरुपाद आणि सरजाबाई, दोघंच आले. तिनं येताना साखरेची गाठी आणली होती, त्यातला तुकडा त्याला दिला. दिवसभर ती मोजत होती आणि तो समोर बसून आकडे भरत होता. शेवटची मोजणी दहा एप्रिलला संपली. अहवालावर अर्थातच एकतीस मार्च. रोजंदारीची नव्या वर्षाची मंजुरी यायला पंधरवडा लागायचा, तोवर त्या लोकांची हजेरी मांडायची पद्धत नव्हती. तिच्या रेघांच्या कागदांवरही तारीख नसायची. तेव्हा त्या दिवसांत सरजाबाई आली होती, याचा कागद कुठंच नव्हता.

मे महिन्यात पुण्याहून तपासणीला एक साहेब आले. आजवर असे साहेब यायचे, चहा घ्यायचे, सही करायचे. यांना बियाण्यातलं कळत होतं. त्यांनी अहवाल उघडला आणि विचारलं, "एकतीस मार्चला मांडलेली ज्वारी एकतीस मार्चलाच उगवली? आणि एका बाईनं दोनशे बारा नमुने त्याच दिवशी मोजले?"

'मोजणी करणार' या रकान्यात सरजाबाईचं नाव होतं. भगवानराव साहेबांनी घाम पुसला आणि म्हणाले, "बाईनं मोजलंच नसेल, साहेब. अंदाजानं आकडे सांगितले असतील. त्या दिवसांत नामांतराचे मोर्चे-बिर्चे होते, गेली असेल तिकडं."

सरजाबाई दारात उभी होती. ती पुढं आली.

"मी कुटंच गेले न्हाई, साहेब. एक दिस सोडला न्हाई. ऐतवारी बी आले, पाडव्याला बी आले. एकेक कोंब मोजलाय."

पुण्याच्या साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग कागदाकडं बघितलं. कागदावर एकतीस मार्च होता. चौकशी पुरी होईपर्यंत तिनं कामावर येऊ नये, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे जूनच्या यादीतून नाव जाणार, हे तिथल्या शिपायालाही कळलं. गुरुपाद त्या वेळी सहा हातांवर, यंत्रासमोर बसला होता. तो पडद्याकडं बघत होता. पडद्यावर काहीही नव्हतं.

चार दिवस त्याला जेवण गेलं नाही. खरं सांगितलं तर एकतीस मार्च कुणी सांगितला आणि कुणी भरला, हे उघडं होणार. भगवानराव साहेब हात झटकणार आणि तारीख भरणारी बोटं आपली होती. नाही सांगितलं तर सरजाबाई जाणार. चौथ्या दिवशी गाडीत त्याला सुचलं. आपण कशाला बोलायचं? यंत्र बोलेल.

त्या दुपारी त्यानं आतली मोजणी छापून काढली. पहिल्या नमुन्यापासून शेवटच्या नमुन्यापर्यंत यंत्र सत्तावीस वेळा सुरू झालेलं, वीज जाऊन-येऊन धरून. चाललेले एकूण तास एकाहत्तर. ते दोन कागद त्यानं चौकशीसाठी मुक्काम करून असलेल्या पुण्याच्या साहेबांपुढं ठेवले आणि हळूच म्हणाला, "एकाहत्तर तास एका दिवसात मावत नाहीत, साहेब."

साहेबांनी तो कागद तीनदा वाचला. मोजणीचं हे फंक्शन कुणी लिहिलं, विचारलं. गुरुपादनं सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले आणि त्यांनी त्याला समोर बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत कुणा साहेबानं त्याला बसायला सांगितलं नव्हतं. मग बाकीचं आपसूक निघालं. अहवाल खरे, तारीख खोटी, असा शेरा पडला. सरजाबाईवरचा ठपका उठला, जूनच्या यादीत तिचं नाव राहिलं. भगवानराव साहेबांना एक समजपत्र मिळालं आणि गुरुपादला जिंतूरच्या उपकेंद्रात बदली, जिथं कंप्युटर नव्हता. १९९४ पर्यंत तो तिथंच नमुन्यांच्या पिशव्या लावत होता, पण ते पुढचं.

बदलीचा कागद हातात पडला त्या दिवशी तो सरजाबाईच्या वस्तीवर गेला. पहिल्यांदाच. तिला बातमी द्यावी, आणि खोटं कशाला, आपण केलेलं तिला कळावं, असंही मनात होतं. छाती जरा फुगलेलीच होती. तिनं दारात घोंगडी टाकली, पाणी दिलं. त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं, एकवीस जागा, सत्तावीस वेळा, एकाहत्तर तास. ती मन लावून ऐकत होती.

"तुमच्यावाल्या मशीननं लय उपकार केले," ती म्हणाली. मग तिनं पाण्याचा लोटा त्याच्याकडं सरकवला.

"पर येक इचारू का, भाऊ? पाडव्याला आपुन दोघंच व्हतो. तुमी माझ्या म्होरंच बसलेले व्हते. त्या दिवशी साहेबानं मला बाहीर काढलं, तवाबी तुमी तितंच व्हते."

"हां."

"मंग मी आले व्हते का न्हाई, हे तुमाला मशीनला कामून इचारावं लागलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. गुरुपाद हसायला गेला, पण या वेळी ते त्याला जमलं नाही. पाणी तसंच ठेवून तो उठला आणि स्टेशनच्या वाटेला लागला.