दयारामच्या घड्याळातली हळद

दयाराम कोळ्याला घड्याळांचा नाद लागला तो काही वेळ बघण्यासाठी नव्हे. वेळ त्याला खाडीच्या भरती-ओहोटीवरून कळायची. डंपरच्या धंद्यात बरे दिवस आले, तेव्हा पनवेलात शेजाऱ्यांनी गळ्यात सोन्याच्या साखळ्या घातल्या. दयारामने भारी घड्याळं घेतली, आणि तीसुद्धा तबकडीचा रंग पाहून. हिरव्या तबकडीला तो ‘शेवाळ’ म्हणे, गुलाबीसर असली तर ‘कोलंबी’. कंपनीचं नाव मात्र त्याला कधी धड घेता आलं नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातले कमळाकरशेठ त्याचे दोस्तही आणि वैरीही. दुसऱ्याकडे नाही तो रंग आपल्या मनगटावर हवा, एवढीच दोघांची ईर्षा. त्या सुमारास फिक्या निळ्या तबकडीसाठी नुसती झुंबड होती. दुकानदाराने दयारामला दोन वर्षं तंगवलं आणि नेमकं त्याच्या मुलीच्या, रोशनीच्या, लग्नाच्या तोंडावर घड्याळ हातात ठेवलं. दयाराम हरखून दाखवायला गेला, तर कमळाकरशेठनी हसत बाही वर सरकवली. हुबेहूब तसंच!

“आता रे काय करशील, दयाराम?”

“जेवान करीन,” तो म्हणाला. पण घास काही उतरला नाही.

हळदीच्या दिवशी त्याची बायको दमयंती म्हणाली, “अवो, घड्याळ तरी काढून ठेवा.”

“र्‍हाऊ दे गो. पावण्यांनी बगू दे.”

मांडवात त्याला वाटलं, घड्याळ जरा मागे पडतंय. काटे पुढे करायला त्याने बाजूची चावी बाहेर ओढली, तोच लग्नाची गाणी म्हणणाऱ्या रंभा धवलारणीने गाण्यात नवरीच्या बापाचं नाव घेतलं. धवलारणीने नाव घेतल्यावर बसून राहायची कोणाची छाती? दयाराम तसाच उठला. चावी बाहेरच राहिली, आत पाणी शिरायला वाट मोकळी. बायकांनी त्याला हळदीने माखलं आणि वरून हळदीच्या पाण्याची कळशी रिकामी केली.

सकाळी बघतो तर काचेच्या आत पिवळं पाणी! कारागिराने घड्याळ खोलून सुकवलं आणि मान हलवली. “चालतंय छान. पण डाग निघायचा नाही. तबकडी नवी बसवावी लागेल.”

रोशनीचे डोळे भरून आले. “बाबा, माझ्या हळदीपायी तुमचं घड्याळ गेलं. बदलून घ्या ना तबकडी.”

दयारामने घड्याळ उन्हात धरलं. निळ्यात पिवळं मुरलं होतं. मधे निळं तसंच होतं आणि कडेकडेने हिरवट झाक उतरली होती, खाडीचं पाणी समुद्राला मिळतं तिथे दिसते तशी. तो बघतच राहिला.

“नाय बदलायची,” तो म्हणाला.

लग्नात कमळाकरशेठनी त्याचं मनगट पकडलं ते सोडेनात. “हा कुठला रंग? कुठे मिळाला? मला आणून दे!”

“तुमाला नाय मिलायचा, शेठ,” दयाराम खदखदून हसला. “तुमाला दोनी पोरगेच. यासाठी घरच्या नवरीची हळद लागते!”