सुमनताईंनी पाळलेलं पथ्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिच्याशी मी रोज फोनवर तासभर बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. वाटायचं, वर्षं गेली की गोष्ट लहान होत जाते. नाही झाली. जेवायला बसलं आणि समोर पालकाची भाजी आली की अजूनही माझा हात ताटाबाहेर थांबतो.

मी आहारतज्ज्ञ आहे. नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात तेव्हा नोकरीला होते, अजूनही तिथेच आहे. काय खायचं, काय नाही, हे पेशंटला समजावून सांगायचं — एवढंच काम. टेबलावर छापील तक्त्यांचे गठ्ठे असायचे. साखरेच्या आजाराचा वेगळा, किडनीचा वेगळा, रक्त कमी असणाऱ्यांचा वेगळा. वर नाव घालायचं, चार ओळींखाली पेनाने रेघ मारायची, दहा मिनिटं बोलायचं. आणि खरं सांगू? हे तक्ते कुणी पाळत नाही, अशी माझी पक्की समजूत झाली होती. लोक मान डोलावतात, घरी जातात आणि कागद फ्रिजवर ठेवून विसरतात. मी तरी किती जीव ओतून सांगणार?

ही सबब नाही. म्हणजे — तेव्हा मी ती सबब म्हणूनच वापरली.

रघुनाथराव सातपूरला एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. मूळचे कळवणकडचे. त्या दुपारी ते दम लागल्यामुळे बाहेर बाकावरच बसून राहिले आणि त्यांची बायको, सुमनताई, एकटीच फाइल घेऊन माझ्याकडे आली. चाळिशीची बाई. फाइल दोन्ही हातांनी धरलेली. वरच्याच पानावर हिमोग्लोबिनचा आकडा होता, साडेसात. मी रक्तवाढीच्या गठ्ठ्यातला कागद ओढला. पालक, मेथी, बीट, खजूर, मनुका, डाळिंब, टोमॅटोचं सूप, शहाळं. रेघा मारत गेले. ताई मधूनच विचारत होत्या, पालक रोज चालंल का, खजूर किती द्यायचे. मी म्हटलं, "रोज द्या. जेवढं जाईल तेवढं द्या."

त्यांनी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, जपून.

संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी करताना मी ती फाइल पुन्हा उघडली. दुसरं पान पाहिलं. क्रिएटिनिन पाचच्या वर. पोटॅशियम आधीच काठावर. रघुनाथरावांची किडनी बरीचशी निकामी झालेली होती आणि रक्त कमी झालं होतं ते त्यामुळेच. किडनी थकली की शरीराला रक्त बनवण्याचा निरोपच जात नाही. तिथे खजूर-पालकाने काही होत नाही, इंजेक्शन लागतं. उलट त्या भाज्या-फळांतलं पोटॅशियम अशी किडनी बाहेर टाकू शकत नाही. ते साचत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनीही हे सांगेल.

फाइलवर सुमनताईंचा मोबाइल नंबर होता. मी तो वाचला. फोन हातात घेतला सुद्धा. काय म्हणणार होते मी — ताई, मी चुकीचा कागद दिला? मग त्या डॉक्टरांना सांगतील, डॉक्टर वर सांगतील. मी फोन खाली ठेवला. मनाशी म्हटलं, कोण पाळतंय एवढं? दोन दिवस करतील आणि सोडून देतील.

सुमनताईंनी एकही दिवस सोडला नाही.

तीन आठवड्यांनी सकाळी मला तातडीच्या विभागातून बोलावणं आलं. रघुनाथरावांच्या पायांतली ताकद गेली होती, नाडी अगदी मंद झाली होती. आत डायलिसिसची धावपळ चालू होती. बाहेर सुमनताई आणि त्यांच्या सासूबाई उभ्या होत्या. ताईंच्या हातात ती प्लॅस्टिकची पिशवी होती. मी आधी काय केलं असेल? पेशंटची चौकशी? नाही. मी म्हटलं, "ताई, तो कागद द्या बघू." त्यांनी लगेच दिला. मी तो घडी करून ॲप्रनच्या खिशात टाकला.

किडनीचे डॉक्टर बाहेर आले. "काय खायला घालत होतात यांना?"

ताई सांगायला लागल्या. शाळेतली मुलगी पाठ म्हणते तसं. पालक, बीट, सकाळी खजूर, दुपारी शहाळं. डॉक्टरांचा चेहरा बदलत गेला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सर, हे यांनी मनानेच चालू केलंय. रक्त वाढावं म्हणून."

"मॅडम, पण तुम्हीच —"

"मी साधारण सांगितलं होतं, ताई. रक्तासाठी. किडनीचा आजार आहे हे तुम्ही मला बोललाच नाहीत."

त्या डोळे बारीक करून आठवायला लागल्या. मग अगदी हळू विचारलं, "नाय सांगितलं का मी?"

हे भांडणाचं विचारणं नव्हतं. खरंच विचारत होत्या. मी शिकलेली, मला नीट आठवत असणार, असं त्यांना वाटत होतं.

मी म्हटलं, "नाही."

डॉक्टर त्यांना काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तूच खाऊ घातलं गं माझ्या पोराला."

तो कागद मी स्वच्छतागृहात जाऊन फाडला. बारीक बारीक तुकडे केले. मग हात धुतले आणि खोलीत येऊन पुढच्या पेशंटला बोलावलं. ते मला नंतर जास्त भयंकर वाटलं.

रघुनाथराव त्या वेळी वाचले. पण डायलिसिस जे सुरू झालं ते सुरूच राहिलं, आठवड्यातून दोनदा. कदाचित ते कधीतरी लागणारच होतं. कदाचित अजून बरेच महिने लागलं नसतं. मला माहीत नाही, आणि माहीत नसण्याच्या आड मी कित्येकदा लपले आहे. डायलिसिसच्या वॉर्डात माझी फेरी असायची. डबा आता सासूबाई आणायच्या. एकदा मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "तिच्या हातचं नाय देत आता. चुलीशी येऊच देत नाय मी तिला." सुमनताई शेजारीच उभ्या होत्या. नवऱ्याचे पाय दाबत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. रघुनाथराव छताकडे बघत होते.

मी तेव्हा बोलू शकले असते. तिथेच, त्या खाटेजवळ. त्याऐवजी काय केलं, ते सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी ताईंना बाजूला नेलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "होतं असं कधी कधी. तुम्ही प्रेमानेच दिलंत ना? स्वतःला दोष देऊ नका." मी त्यांना क्षमा केली! आणि त्यांनी डोळे पुसून माझे हात धरले. "लय मोठं मन हाय तुमचं, मॅडम."

दोन वर्षांनी रघुनाथराव गेले. मी त्या दिवशी रजेवर होते, नंतर कळलं. भेटायला गेले नाही.

मागच्या वर्षी सुमनताई पुन्हा माझ्या खोलीत आल्या. केस पांढरे झाले होते. बरोबर शेजारची एक तरुण मुलगी होती, तिच्या सासऱ्यांना किडनीचाच त्रास. मी या वेळी फाइलचं प्रत्येक पान दोनदा वाचलं. योग्य तक्ता काढला. नीट समजावलं. ताई त्या मुलीला म्हणाल्या, "मॅडमला सगळं सांगायचं बघ. काय बी लपवू नको. माझं सांगायचं राहिलं, आन् माझा माणूस गेला."

मी लिहीत होते. पेन थांबलं नाही.

रघुनाथरावांची फाइल आली त्या दुपारी काय झालं, ते मला पहिल्यापासून लख्ख आठवतं. सुमनताई आत आल्या, खुर्चीवर बसायच्याही आधी म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना किडनीचं पण हाय, त्ये बघून सांगा." मी फाइल ओढता ओढता म्हटलं, "हो हो, ते डॉक्टर बघतील."

त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.