शाळेच्या संडासाचं कुलूप

जंत गोडानं होतात, हे आमच्याकडं प्रत्येकाला पाठ. गुऱ्हाळांच्या मुलखात पोराचं पोट दुखलं की पहिली शिक्षा गुळाला. बिद्रीकडच्या एका शाळेत मी जंताच्या गोळीची पत्रकं वाटायला गेले, तेव्हा बौद्धवाड्यातली एक आई तिसरीतल्या लेकीला घेऊन व्हरांड्यात उभी होती. पोरगी पांढरीफटक, पोट तेवढं पुढं.

"गूळ कवाच बंद केलाय, ताई. शाळंत गोळी बी दिली. तरी काल परत पडला. गांडुळाएवढा. वळवळत हुता."

मी ते वहीत टिपून घेतलं. पण खरी किळस मधल्या सुट्टीत आली.

घंटा झाली. चपला वर्गाबाहेर काढलेल्या, त्या घालायला कोण थांबतंय? पोरं अनवाणीच शाळेमागच्या उसात घुसली. मी मागोमाग गेले. सरीत पाऊल टाकायला जागा नाही. घाणीवर घाण, वर माश्यांचा घोंगाट, आणि त्यातनंच उड्या मारत पोरं परत. हात चड्डीला पुसले की थेट खिचडीच्या ताटात. साबण? कपाटात, वेष्टनासकट. आणि आम्ही पत्रकात काय छापलं होतं? 'नखे कापा.'

संडास होता की! रंगवलेला, भिंतीवर हसरी मुलं काढलेली. दाराला कुलूप.

"पोरं घाण करतात," हेडसर म्हणाले. "तपासणीला पाहुणे आले की उघडतो."

"पोरांच्या पोटातनं जंत पडतायत, सर!"

"उघडतो की. पण धुणार कोण?" असं म्हणून त्यांनी त्या आईकडं बघितलं. व्हरांड्यात खिचडी वाढणाऱ्या बाया होत्या, शिक्षक होते. बघितलं तिच्याकडंच. का, ते तिथं सगळ्यांना कळलं.

"माझ्याकडं का बघतासा?" ती म्हणाली. "सगळ्यांची पोरं बसणार, सगळ्यांनी धुवायचं. माझी पाळी आली की मी धुईन. आदी उघडा."

कुलूप निघालं. आत भांड्यावर दगड झालेली सिमेंटची पोती आणि मोडकी बाकं. पोरगी पोट धरून दारात उभी होती. तिला दम निघेना. पळाली उसाकडं.

"बघितलंसा?" हेडसर हसले. "सवयच न्हाय ह्यांना."

मी काही बोलायच्या आत आईनं पदर खोचला, एक पोतं फरफटत बाहेर ओढलं आणि त्यांच्या बुटांपुढं टाकलं.

"हसू नगा, सर. त्या बाकाचं दुसरं टोक धरा."