शाल घेतली आणि विमा गेला

मला साठ पूर्ण झाली तेव्हा आमच्या कारखान्यात माझा सत्कार झाला. कारखाना म्हणजे बिबवेवाडीतली पुठ्ठ्याची खोकी बनवणारी एक लांबट शेड, आणि तिच्या कोपऱ्यात काचेच्या खोलीत मी. बिलं, पगार, मालाची पाठवणी, सगळं माझ्याकडे. मालकांनी शाल-श्रीफळ दिलं, माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलले आणि शेवटी म्हणाले, "बाई, निरोप वगैरे काही नाही हं. उद्या नेहमीच्या वेळेला या." सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत बसून मी चहा प्यायले. पगार आता पगारपत्रकाऐवजी व्हाउचरवर सही करून मिळणार, एवढाच काय तो फरक. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांत जुन्या माणसाला असंच ठेवून घेतात, सत्कार करतात आणि सोडत नाहीत. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

आमच्या ह्यांनी आयुष्यभर घरी गणिताच्या शिकवण्या घेतल्या. त्यांना ना मालक, ना विमा. माझ्या कारखान्याचा आरोग्य विमा हाच आम्हा दोघांचा आधार होता. हे रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर जायचे, रविवारी मीही बरोबर असायची. त्या थंडीत ते चढावर मध्येच थांबू लागले. थांबले की झाडीकडे बोट दाखवून म्हणायचे, "अगं, मोर बघ." मी बघायची. मोर काही दिसायचा नाही. एका रविवारी मी मोर बघायचं सोडून ह्यांच्याकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते आणि हात छातीवर होता.

आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "अँजिओग्राफी करून घ्या. फार लांबवू नका." मी चौकशीला गेले आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर ऐटीत विम्याचं कार्ड ठेवलं. तिथल्या मुलीने नंबर टाकला, पुन्हा टाकला.

"मॅडम, हे कार्ड बंद झालंय."

"बंद कसं होईल? मी रोज कामावर जाते."

"ते मला नाही माहीत. इथे बंद दाखवतंय."

तशीच तडक कारखान्यात गेले. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो बाई, तुम्ही रिटायर झालात ना? आपण सत्कार नाही का केला?"

विमा फक्त पगारपत्रकावरच्या माणसांना. सत्कार झाला त्याच आठवड्यात त्यांच्या मुलाने माझं नाव कमी करायला कळवलं होतं. एरवी नोकरी सोडणाऱ्यांची नावं विमा कंपनीला मीच कळवायची. प्रत्येकाला बजावायची, की बाबा, जाण्याआधी अर्ज कर, म्हणजे हाच विमा स्वतःच्या नावावर पुढे चालू ठेवता येईल. स्वतःला बजावायचं सुचलं नाही, कारण मी कुठे गेलेच नव्हते! आता त्याची मुदत उलटून गेली होती.

"एका शब्दाने सांगायचंत तरी," मी म्हणाले.

"त्यातलं सगळं तुम्हालाच माहीत असतं. आम्ही तुम्हाला काय सांगणार?"

हे वाक्य ते कौतुकाने बोलले, म्हणून तर जास्त झोंबलं. मी तणतणत काचेच्या खोलीत आले आणि तरीही त्या दुपारी सगळी बिलं केली. त्या बिलांचा मला अजून राग येतो.

आमच्याच सोसायटीत एक विमा एजंट राहतो. त्याला संध्याकाळी चहाला बोलावलं. त्याने सगळं ऐकलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काकू, टेस्ट झाली का? नाही ना? मग काकांना अजून काहीच झालेलं नाही."

त्याने समजावून सांगितलं. आधी टेस्ट केली आणि त्यात काही निघालं, तर तो जुना आजार ठरणार. मग त्याच्या खर्चासाठी काही वर्षं थांबायचं, नाहीतर ह्या वयात पॉलिसीच नाकारणार. "म्हणून आधी पॉलिसी, मग टेस्ट. कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येईल. काकांना म्हणावं, सगळं नॉर्मल आहे असं सांगा. आणि तोवर जरा जपा."

हा सरळसरळ खोटेपणा होता, आणि पुढे उघडकीला आला तर कंपनी हात वर करणार होती. मला ते कळत होतं. तरी मी हो म्हणाले. अँजिओग्राफीपाठोपाठ ऑपरेशन निघालं तर आमची सगळी पुंजी त्यात जाणार होती, आणि त्यानंतर दोघांचं म्हातारपण उभंच होतं.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. ह्यांची टेकडी बंद केली, जिनाही बंद केला. ते आंघोळीला गेले की मी दाराशी उभी राहून पाण्याचा आवाज ऐकायची. आवाज थांबला की विनाकारण हाक मारायची, "अहो, टॉवेल घेतलात ना?" कारखान्यातून दिवसातून कितीदा तरी फोन करायची. उचलायला उशीर झाला की पुन्हा पुन्हा लावायची, उचलला की "फोन जवळ ठेवायला काय होतं?" म्हणून त्यांच्यावरच खेकसायची. रोज चहाच्या वेळी उजळणी घ्यायची.

"छातीत दुखतं का?"

"नाही."

"दम लागतो का?"

"नाही. अगं, मला पाठ झालंय."

आयुष्यभर मुलांकडून पाठांतर करून घेतलेला माणूस माझ्यापुढे निमूट बसायचा, आणि मला भयंकर शरम वाटायची.

शनिवारी अर्धा दिवस असतो. दुपारी घरी आले, लॅचने दार उघडलं, तर हे माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसलेले आणि फोन स्पीकरवर. कंपनीच्या डॉक्टरांचा तो फोन आला होता. मी चपला न काढता जागच्या जागी उभी राहिले.

"छातीत कधी दुखलंय का काका?" डॉक्टरबाईंचा आवाज आला.

ह्यांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "हो. आधी चढावर दुखायचं. आता बसल्या जागीही दुखतं. डाव्या हातात उतरतं."

"आणि हे कधीपासून?"

"झाले पंधरा-वीस दिवस. घरी बोललो नाही. ही आधीच पॉलिसीसाठी जीव काढतेय. एवढं निभावून न्यावं म्हटलं, पण आज फार होतंय हो."

मग त्या बाई हळूच म्हणाल्या, "काका, पॉलिसीचं सोडा. आत्ता, ह्या क्षणी हॉस्पिटलमध्ये जा. घरात कोणी आहे का तुमच्या?"

ह्यांनी मान वळवली आणि मी दिसले. रागावीन असं वाटून ते कसनुसे हसले.

"आहे," मी म्हणाले, आणि त्यांच्या चपला शोधायला लागले.